चौथा थांबा: सदाफुली

कॉव्हेंट्री
१४ सप्टेंबर २०२४

सौ. स्वराली,

फोन करत नाही, लिहिते आहे. नऊ वर्षांपूर्वी फोनवर जे ठरलं, त्यातलं तुला एक आठवतं, मला दुसरं, आणि माझ्या भावाला, शशीला, काहीच नाही. या वेळी सगळं लेखी असू दे. तू ही ईमेल पुसून टाकलीस तरी माझ्याकडे प्रत राहील.

माझ्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ठरलं आहे. चौदा महिने थांबल्यावर तारीख मिळाली, ती मी सोडणार नाही. पुढचे तीन महिने मला स्वतःचंच करणं जड जाणार. म्हणून आई दोन नोव्हेंबरला तुमच्याकडे अबू धाबीला येईल आणि मार्चच्या मध्यावर परत येईल. शशीने हो म्हटलं आहे. शशी महिनाभर समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर असतो आणि महिनाभर घरी, हे मला ठाऊक आहे. म्हणजे आई खरी तुझ्याच गळ्यात पडणार. म्हणून त्याला न लिहिता तुला लिहिते.

आईचं काही पथ्य नाही, मागणी नाही. तिला फक्त रोज सकाळी चालायला लागतं. इथे ती कालव्याच्या काठाने जाते. मी इथल्या निसर्ग मंडळासाठी फेऱ्यांची पत्रकं तयार करते, हे तुला माहीत असेल किंवा नसेल. माणसाने पत्रक हातात धरायचं, आकडा दिसेल तिथे थांबायचं, काय बघायचं ते वाचायचं आणि पुढे निघायचं. वाटाड्या लागत नाही. आईसाठी तिथे तशी एक फेरी आखून ठेव. तू पावणेसातला क्लिनिकला निघतेस असं शशी म्हणाला, तेव्हा तिला एकटीलाच जावं लागणार.

तुमच्या त्या काचेच्या गावात पायी चालण्यासारखं काही आहे का, याची मला शंका आहे. मॉलमधल्या चकरा मी फेरी म्हणून धरणार नाही.

वैजयंती


अबू धाबी
१७ सप्टेंबर २०२४

वैजयंतीताई,

नमस्कार. तुमच्या पत्राची प्रत मीही ठेवली आहे.

नऊ वर्षांपूर्वी मी 'आमच्याकडे दोनच खोल्या आहेत' एवढं म्हटलं होतं. 'आई नकोत' हे वाक्य माझं नाही. ते तुम्ही त्याला जोडलंत आणि पुण्यात घरोघर पोचवलंत. खोल्या आता तीन आहेत. आईंनी खुशाल यावं, हवं तितकं राहावं.

फेरी अशी: बिल्डिंगच्या दारातून बाहेर पडून उजवीकडे. औषधाच्या दुकानाशी डावीकडे. मशिदीपर्यंत सरळ, तिथे डावीकडे. विजेच्या हिरव्या पेटीशी परत डावीकडे. केरळी किराणावाल्यावरून सरळ घरी. वीस-पंचवीस मिनिटं लागतात. मोठा रस्ता कुठेही ओलांडावा लागत नाही.

मॉलबद्दल. मी इथे सोळा वर्षं राहते आहे आणि मॉलला शेवटची कधी गेले ते आठवत नाही. तुम्ही मागे आला होतात तेव्हा चार दिवसांत तीनदा गेला होतात. पिशव्या मी उचलल्या होत्या, म्हणून लक्षात आहे.

स्वराली


कॉव्हेंट्री
२२ सप्टेंबर २०२४

सौ. स्वराली,

ही निसर्गफेरी आहे की पार्सल पोचवायचा पत्ता? औषधाचं दुकान, पेटी, किराणा. आई सत्तावीस वर्षं कॉलेजच्या वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत होती. तिला तू विजेची पेटी बघायला पाठवणार?

फेरी कशी आखतात ते सांगते, नीट वाच. खूण सजीव हवी. दुकानं बदलतात, पाट्या बदलतात, झाड जागेवर राहतं. वीस वर्षांत माझ्या एकाही पत्रकातला एकही थांबा हललेला नाही. जिथून निघालो तिथेच फेरी संपली पाहिजे. वळण तिथे थांबा, आणि एका थांब्यावर एकच सूचना. दोन नाहीत. अक्षर मोठं ठेव. वाटेत बसायला बाकं दाखव, तीही उन्हातली, सावलीत बसून माणूस गारठतो.

आई लेखी सूचना काटेकोर पाळते. जे लिहिशील तेच ती करील. तेव्हा विचार करून लिही.

तुला झाडांची नावं माहीत नसतील तर फोटो पाठव. मी ओळखेन.

वैजयंती


अबू धाबी
६ ऑक्टोबर २०२४

वैजयंतीताई,

उन्हातलं बाक? इथे उन्हातल्या बाकावर पोळी भाजता येईल. तीस वर्षं तिकडे काढून तुम्ही ऊन विसरलात. बाकं सावलीतलीच राहतील, त्यावर चर्चा नाही.

तीन सुट्ट्यांच्या सकाळी मी हातात वही घेऊन त्याच वीस मिनिटांच्या रस्त्यावर फिरले. वॉचमनला वाटलं माझं काहीतरी हरवलं आहे. झाडांची नावं मला माहीत आहेत. माझ्या माहेरीही झाडं होती.

आमच्या दारात कडुलिंब आहे, तो पहिला थांबा. औषधाच्या दुकानासमोरच्या छोट्या बागेत घाफ आहे. घाफ म्हणजे या वाळवंटाचं झाड, पाणी नसलं तरी जगतं. पानं ओळखीची वाटली म्हणून शोधलं. ती आपली शमी निघाली, दसऱ्याची. ताडून बघा. मशिदीच्या भिंतीशी सिद्र आहे, बोराचा भाऊ, त्यावर पोपटांचा गोंधळ असतो. चौथं वळण विजेच्या पेटीशी आहे, त्याला इलाज नाही. पाचवा थांबा खजुरांची रांग, सहावा घर. हिरवळीवर हुदहुद येतो, डोक्यावर तुरा, चोचीने गवत टोचत फिरतो. साळुंक्या तर इतक्या आहेत की आईंना वाटेल पुण्यातच आहोत.

प्रत्येक झाडाच्या बुंध्याशी काळी नळी असते आणि दिवसातून दोनदा थेंब थेंब पाणी येतं. यावर तुम्ही काय बोलणार ते मला माहीत आहे. बोलून घ्या.

पत्रकाचा मसुदा आणि फोटो जोडले आहेत. पेटीचाही.

स्वराली


कॉव्हेंट्री
११ ऑक्टोबर २०२४

सौ. स्वराली,

बोलते. ज्या बागेचा नळ बंद केला की दोन महिन्यांत ती संपते, तिला मी निसर्ग म्हणत नाही.

घाफचं पुस्तकात पाहिलं. शमीच आहे. हे तुला शशीने सांगितलेलं नसणार, त्याला शेवगा आणि सुबाभूळ यांतला फरक कळत नाही.

बाकं सावलीत ठेव.

पेटी मात्र चालणार नाही. तुझ्याच फोटोत पेटीच्या मागे एक गोल वाफा दिसतो. मोठा करून पाहिला. गुलाबी आणि पांढरी सदाफुली आहे, चांगली तीनशे रोपं असतील. एवढी डोळ्यांसमोर असून तुला पेटी दिसली! आईने पुण्यात गॅलरीत, अंगणात, डालड्याच्या डब्यात आयुष्यभर सदाफुली लावली. ती झोपेतही ओळखेल. चौथा थांबा सदाफुली. पेटीचा उल्लेख काढून टाक, उगाच दोन खुणा नकोत.

मसुद्यात पाचव्या थांब्यावर तू 'खजुरांच्या रांगेने सरळ चाला आणि पिवळ्या बिल्डिंगशी थांबा' लिहिलं आहेस. या दोन सूचना झाल्या. एकच ठेव.

अंतिम प्रत पाठव.

वैजयंती


अबू धाबी
१५ ऑक्टोबर २०२४

वैजयंतीताई,

अंतिम प्रत जोडली आहे. तुमच्या आज्ञेप्रमाणे पेटी, दुकान, मशीद, सगळं काढलं. चौथा थांबा शब्दशः असा आहे: 'सदाफुलीचा गोल वाफा. इथून डावीकडे वळा.'

आता मी यात काही बदलणार नाही. पुढे अडचण आली तर ती तुमच्या नियमांची असेल, माझी नाही.

स्वराली


कॉव्हेंट्री
३ नोव्हेंबर २०२४

सौ. स्वराली,

आई पोचल्याचा शशीचा मेसेज मिळाला. तू कळवलं नाहीस, नोंद घेतली.

औषधांचा डबा वारांप्रमाणे भरून दिला आहे. सकाळचा चहा बिनसाखरेचा. तिच्याशी बोलताना पाठमोरं बोलू नये. निळं जाकीट फिरायला जाताना अंगात असू दे, उकडत असलं तरी. ते नसलं की तिला चुकल्यासारखं वाटतं.

चार दिवस तू किंवा शशी तिच्याबरोबर फेरीला जा. मग ती एकटी जाईल. पत्रक तिच्या हातातच दे, पर्समध्ये नको.

वैजयंती


अबू धाबी
१६ नोव्हेंबर २०२४

वैजयंतीताई,

तुमचं ऑपरेशन नीट झालं असं कळलं. जपा.

आईंची फेरी चालू आहे. पहिला आठवडा मी उशिरा कामावर गेले आणि बरोबर चालले. शमीपाशी त्या रोज उभ्या राहतात आणि एक डहाळी घरी आणतात. दसरा होऊन गेला म्हटलं की म्हणतात, 'मग काय झालं?' वॉचमनला त्या मराठीत दम देतात आणि तो ऐकतो. आता एकट्या जातात, वीस मिनिटांच्या जागी चाळीस मिनिटं लागतात, पण येतात. शशी परवाच प्लॅटफॉर्मवर गेला.

एक विचारायचं होतं. त्या मला दिवसातून चार-पाच वेळा विचारतात, 'वैजू कुठे गेली?' ऑपरेशनचं सांगितलं की दर वेळी नव्याने दचकतात. काल मला 'तू कोणाकडची?' असं विचारलं. मी 'तुमच्याकडची' म्हटलं तर हसल्या. हे वयाचं आहे, की तुम्ही मला काही सांगायचं राहिलं आहे?

स्वराली


कॉव्हेंट्री
२० नोव्हेंबर २०२४

सौ. स्वराली,

मी अंथरुणातून लिहिते आहे, तेव्हा थोडक्यात. एकोणऐंशीव्या वर्षी तूही विचारशील, 'तू कोणाकडची?' बघायला आपल्यापैकी कोणी नसेल एवढंच. नवीन घर, नवीन माणसं, वय. दुसरं काही नाही. नऊ वर्षांत पहिल्यांदा सासूबरोबर तीन आठवडे राहिलीस आणि लगेच रोगनिदान करायला निघालीस.

फेरी चुकवू नकोस.

वैजयंती


अबू धाबी
२९ नोव्हेंबर २०२४

वैजयंतीताई,

परवा फोनवर तुम्ही रडत होतात आणि मी ओरडत होते. कोणाला काही ऐकू आलं असेल असं वाटत नाही. तेव्हा काय घडलं ते लिहून देते. लेखी असू दे, तुम्हीच म्हणाला होतात.

बुधवारी सकाळी पावणेसातला मी निघाले तेव्हा आई दारात कडुलिंबाखाली पत्रक घेऊन उभ्या होत्या. मंगळवारी दुपारी माळ्यांनी चौथ्या थांब्याचा वाफा खणला होता. सदाफुली उपटून त्यांनी तिथे जांभळ्या पिटुनिया लावल्या. थंडीची फुलं. उपटलेली रोपं पुढच्या मोठ्या चौकात ढीग करून ठेवली होती, लॉरीने न्यायला.

आईंना चौथ्या वळणावर सदाफुली दिसली नाही. पत्रकात लिहिलं होतं सदाफुली, म्हणून त्या सरळ पुढे गेल्या. मोठ्या चौकात त्यांना सदाफुली सापडली. ढीगभर. तिथून त्या डावीकडे वळल्या. तुम्ही म्हणता तशा त्या लेखी सूचना काटेकोर पाळतात.

तो रस्ता खाडीवरच्या पुलाकडे जातो. एका बाजूला चार, दुसऱ्या बाजूला चार लेन, गाड्या शंभरच्या वेगाने. पादचाऱ्यांना जागा नाही, फक्त कठडा आहे. त्या कठड्याला हात लावून त्या तीन तास कुठे कुठे होत्या ते कोणालाच माहीत नाही. साडेदहाला ढीग उचलून परतणाऱ्या लॉरीतल्या एका माळ्याला पुलाच्या तोंडाशी निळं जाकीट दिसलं. कासिम त्याचं नाव, मुलतानचा आहे. चप्पल एकाच पायात होती. हातात सदाफुलीची तीन रोपं, मुळांसकट. लॉरीतला ढीग बघून त्या त्याच्यावर ओरडल्या की ही कोणी उपटली, परत लावा.

त्याने नाव विचारलं, त्यांना सांगता येईना. जाकिटाच्या आतल्या खिशात त्याला प्लॅस्टिकमधलं कार्ड सापडलं. इंग्रजीत आहे, अक्षर तुमचं आहे. 'माझं नाव सुनेत्रा. मला आठवत नाही. कृपया माझ्या मुलीला फोन करा.' खाली तुमचा कॉव्हेंट्रीचा नंबर. त्याने तो लावला. म्हणजे माझ्या दारापासून एक मैलावर माझी सासू पुलावर उभी होती आणि ते मला इंग्लंडमधून कळलं. नऊ वर्षांत तुमचा पहिला फोन.

कार्डाच्या कोपऱ्यात तारीख आहे. मार्च २०२३. मी तेरा दिवसांपूर्वी तुम्हाला सरळ विचारलं होतं.

आणि तुम्ही फोनवर म्हणालात, 'पुढच्या विमानाने तिला परत पाठव, परतीचं तिकीट आहेच, तारीख बदल.' मी तारीख बदलायला तिकीट उघडलं. परतीचं तिकीट नाही. बर्मिंगहॅम ते अबू धाबी, एकेरी.

आईंच्या पायाला फोड आले आहेत, बाकी ठीक. त्यांना बुधवार आठवत नाही. मला आठवतो.

स्वराली


कॉव्हेंट्री
३ डिसेंबर २०२४

स्वराली,

तुला सगळं लेखी हवं आहे. घे.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत आई कालव्यावरून परत आली नाही. संध्याकाळी बसस्थानकावर सापडली, पुण्याची बस कुठून सुटते ते विचारत होती. मार्चमध्ये पुन्हा. मग डॉक्टर, मग स्मृतीच्या तपासण्या. तिला तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले, पाच मिनिटांनी तिने त्यांना तीन वनस्पतींची लॅटिन नावं सांगितली. अचूक. शब्द मात्र एकही नाही. तेव्हा मी कार्ड केलं. आमच्या दारापासून कालव्यापर्यंतच्या दिव्याच्या खांबांवर मी आकडे चिकटवले, एक ते अकरा, आणि तिला पत्रक करून दिलं. मंडळाचं नव्हे, माझं. दीड वर्ष तिने ते चालवलं. तिला वाटायचं ती निसर्ग बघायला जाते आहे. हा माझा अभिमान होता आणि अजून आहे.

तुला आधी सांगितलं असतं तर तू पुन्हा खोल्या मोजल्या असत्यास.

तिकिटाचं. परतीच्या तारखेचा रकाना मी तीनदा उघडला आणि तीनदा बंद केला. गुडघा खरा आहे, पण गुडघ्यासाठी माणूस आईला खंडापार पाठवत नाही. मी थकले आहे. हे वाक्य जगात कोणालाही लिहावं लागलं असतं तरी चाललं असतं, तुला लिहावं लागलं याहून मोठी शिक्षा नाही. ती मी भोगते आहे.

आता तू सांग. तू तिथे सोळा वर्षं राहतेस. वाफे थंडीत बदलतात हे तुला ठाऊक नव्हतं? 'अडचण आली तर ती तुमच्या नियमांची' हे वाक्य तू पंधरा ऑक्टोबरला लिहिलंस. प्रत माझ्याकडे आहे. मी ते वाक्य गेले चार दिवस वाचते आहे.

वैजयंती


अबू धाबी
८ डिसेंबर २०२४

वैजयंतीताई,

ठाऊक होतं.

दर नोव्हेंबरात सदाफुली जाते आणि पिटुनिया येतात. मेमध्ये पिटुनिया जातात आणि सदाफुली येते. इथे झाडापेक्षा किराणावाला जास्त काळ टिकतो. पंधरा ऑक्टोबरच्या पत्रात मी ते लिहिलं होतं, पाठवण्याआधी खोडलं. मला तुमच्याकडून एकच ओळ हवी होती, माझा नियम चुकला अशी. वाटलं होतं, आईंना एक दिवस वाफा बदललेला दिसेल, त्या हसतील, घरी येऊन सांगतील आणि मी तुम्हाला कळवेन. ते पत्र कसं लिहायचं तेसुद्धा मी ठरवून ठेवलं होतं. माझ्या डोक्यातल्या आई सत्तावीस वर्षं प्रयोगशाळा चालवणाऱ्या होत्या. तुम्ही मला तशाच पाठवल्या होत्या.

यावर तुम्ही जे म्हणाल ते मी स्वतःला म्हणून झालं आहे. तरी म्हणा.

शशीला सगळं सांगितलं. तो म्हणाला पुण्याला फ्लॅट आहे, चोवीस तासांची बाई ठेवू. मी नाही म्हटलं. तो म्हणाला मग ताईकडे परत. त्यालाही नाही म्हटलं. तुमच्यासाठी नाही, गैरसमज नको. त्या रोज सकाळी मला विचारतात 'तू कोणाकडची?' आणि मी सांगते. पुण्याची बाई काय सांगेल?

क्लिनिकमध्ये मी दुपारची पाळी घेतली आहे. मी कामावर असते तेवढा वेळ किराणावाल्या बिजूची बायको शीजा घरी येऊन बसते. फेरी बंद केली नाही. दोन दिवस घरात ठेवून पाहिलं, त्यांनी दाराला धक्के मारले. हात धरला तर हिसडा देतात. तेव्हा त्या पुढे चालतात आणि मी वीस पावलं मागे. त्यांना माहीत नाही. परवा मागे वळून बघितलं आणि वॉचमनला सांगितलं, ती बाई रोज माझ्या मागे येते, लक्ष ठेव.

कासिमने ती तीन रोपं कुंडीत लावून दारात आणून ठेवली. कडुलिंबाखाली आहेत. नळी नाही, मी पाणी घालते.

नवीन पत्रक खाली देते. तुमचा एकही नियम पाळलेला नाही. लाल पेन घेऊन बसा.

पहिला थांबा: दार. कडुलिंब. उजवीकडे.
दुसरा थांबा: औषधाचं दुकान, हिरवी पाटी. शमी समोर आहे. डावीकडे.
तिसरा थांबा: मशीद. भिंतीशी बोर. पोपट बघा. डावीकडे.
चौथा थांबा: विजेची हिरवी पेटी. फुलं कोणतीही असोत. डावीकडे.
पाचवा थांबा: किराणा. बाकावर बसा. बिजू चहा देईल. सरळ.
सहावा थांबा: घर. चावी गळ्यात आहे.

स्वराली


कॉव्हेंट्री
१४ डिसेंबर २०२४

स्वराली,

'तरी म्हणा' लिहिलं आहेस. म्हणत नाही. माझ्याबद्दल तू काय ठरवलं आहेस तेही विचारत नाही. क्षमा वगैरे मी केलेली नाही.

पत्रक पाहिलं. तिसऱ्या थांब्यावर दोन गोष्टी बघायला सांगितल्या आहेस, बोर आणि पोपट. पोपट काढ, ते तिला सांगायला लागत नाहीत. पाचव्यावर तीन सूचना आहेत. 'बाकावर बसा' पुरे, चहा बिजू आपणहून देईल. 'फुलं कोणतीही असोत' हे वाक्य राहू दे. ते माझ्यासाठी आहे, आईसाठी नाही, एवढं मला कळतं.

वीस पावलं जास्त आहेत. बारा ठेव. वळणावर ती थांबत नाही, झपकन वळते. मी दीड वर्ष मागे होते.

इथे काल कौन्सिलचा माणूस दिव्याचे खांब रंगवायला आला होता. आकडे कोणी चिकटवले म्हणून विचारत होता. कुबड्या घेऊन बाहेर गेले आणि म्हटलं, मी, खरवडून टाका. अकराव्या खांबापर्यंत मला अजून चालवत नाही, तो त्याने एकट्याने जाऊन केला असेल.

एक दुरुस्ती राहिली. सहाव्या थांब्यावर तू नुसतं 'घर' लिहिलं आहेस. तसं लिहू नकोस. घर म्हटलं की आई तुझ्या दारावरून पुढे निघून जाईल, माझं शोधत.

'स्वरालीचं घर' असं लिही. अक्षर मोठं ठेव.

वैजयंती